एका लाकडाचं मंडळ

जपानी भाषेत गुरुवारला 'मोकुयोबी' म्हणतात, म्हणजे लाकडाचा वार. आपला गुरुवार गुरू ग्रहाचा आणि त्यांचाही त्याच ग्रहाचा. फक्त चिनी-जपानी परंपरेत गुरू हा 'लाकूडतारा' आहे. त्यामुळे १९३९ साली टोक्योच्या सुगिनामी भागात, ओन्ची कोशिरो यांच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी काही चित्रकार जमू लागले, तेव्हा त्या बैठकीला आपसूकच भारी नाव मिळालं. 'इचिमोकुकाई', म्हणजे 'पहिल्या गुरुवारचं मंडळ'. पण तीच अक्षरं सरळ वाचली तर 'एका लाकडाचं मंडळ' असाही अर्थ निघतो. जमणारे सगळे लाकडावर चित्र कोरून कागदावर छापणारे, म्हणजे नाव दोन्ही बाजूंनी चपखल.

सुरुवातीला ओन्चींकडे आले ते मुख्यतः दोघं. एक यामागुची गेन आणि दुसरा सेकिनो जुनइचिरो. सेकिनो पंचविशीतला, उत्तरेकडच्या आओमोरीहून नुकताच टोक्योत आलेला. सोबत आणलेले नवे ठसे जमिनीवर मांडायचे, एकमेकांच्या कामातल्या चुका काढायच्या, कुठलं लाकूड वापरलं, कागद किती ओला ठेवला, रंग का पसरला यावर बोलत बसायचं, असा कार्यक्रम. फी नाही, प्रमाणपत्र नाही. तरी जपानी मुद्राचित्रांचा विसाव्या शतकातला इतिहास लिहायचा तर या घरावरून पुढे जाता येत नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

होकुसाईची ती प्रचंड लाट तुम्ही टी-शर्टवर, फोनच्या कव्हरवर कुठे ना कुठे पाहिली असेल. ती लाट होकुसाईने काढली, पण कोरली दुसऱ्याने आणि छापली तिसऱ्याने. एदो काळातली छापील चित्रं अशीच बनत. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन देणार. कोरणारा ते कागद चेरीच्या लाकडावर उलटं चिकटवून रेषा तेवढी उंच ठेवणार आणि बाकीचं लाकूड काढून टाकणार. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. छापणारा पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ ब्रशने ठोकळ्यावर पसरवणार, वर ओलसर कागद ठेवणार आणि 'बारेन' नावाच्या, बांबूच्या आवरणात गुंडाळलेल्या चपट्या गोल साधनाने पाठीमागून घासणार. सगळे रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून ठोकळ्याच्या कडेला 'केंतो' नावाच्या दोन खाचा असत. कागद दर वेळी त्याच खाचांना टेकवायचा. इतका साधा उपाय, पण दहा रंग लावले तरी चित्र हलत नाही. या सगळ्यांच्या डोक्यावर पैसा लावणारा प्रकाशक.

यात कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव लोकांपर्यंत क्वचितच पोहोचायचं. गंमत म्हणजे होकुसाई स्वतः लहानपणी ठोकळे कोरायला शिकला होता. तरीही लाट कोरायची वेळ आली तेव्हा ते काम कारागिराचंच होतं.

एकोणिसावं शतक संपता संपता फोटो आणि लिथोग्राफी आली आणि ही व्यवस्था मोडकळीला आली. पुढे काय, याला जपानमध्ये दोन उत्तरं मिळाली. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने जुनीच पद्धत नव्या चित्रकारांसोबत सुरू ठेवली. त्याला 'शिन हांगा', म्हणजे नवी मुद्राचित्रं म्हणतात. ती देखणी होती आणि परदेशात विकलीही गेली. दुसरं उत्तर जास्त हट्टी होतं. चित्र माझं, तर कोरणार मीच आणि छापणारही मीच. याला नाव पडलं 'सोसाकु हांगा', म्हणजे सर्जनशील मुद्राचित्रं.

या हट्टाची सुरुवात लोक १९०४ सालापासून धरतात. एकवीस वर्षांचा यामामोतो कानाए चोशीच्या किनाऱ्यावर गेला, तिथे एका कोळ्याचं स्केच केलं आणि परत येऊन ते स्वतःच लाकडात कोरून दोन रंगांत छापलं. 'म्योजो' या साहित्यिक मासिकात ते आलं. यामामोतोने कोरीवकामाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, पण दुसऱ्यांची चित्रं हुबेहूब लाकडात उतरवण्यासाठी. या कोळ्यात मात्र तो पटाशीनेच चित्र काढत होता. जाड, ओबडधोबड कडा त्याने तशाच ठेवल्या. १९१८ मध्ये त्याच्याच पुढाकाराने सोसाकु हांगावाल्यांची संघटना उभी राहिली.

मला स्वतःला या चळवळीची घोषणा थोडी अन्यायाची वाटते. कारागिराने कोरलं की चित्रातला जीव जातो, असा सूर तिच्यात आहे. एदोच्या कारागिरांनी कोरलेले कपाळावरचे केस भिंगातून पाहा, मग जीव कुठे गेला ते सांगा. पण घोषणा चुकीची असली तरी तिच्यातून निघालेलं काम खोटं ठरत नाही.

ओन्ची जन्मले १८९१ मध्ये. टोक्योच्या कलाशाळेत गेले, पण तिथे फार काळ टिकले नाहीत. १९१४ मध्ये तानाका क्योकिची आणि फुजिमोरी शिझुओ या मित्रांबरोबर त्यांनी 'त्सुकुहाए' नावाचं कवितांचं आणि ठशांचं मासिक काढलं. आपल्याकडची साठच्या दशकातली लघुनियतकालिकं आठवा: खिशात पैसे नाहीत, वाचक हाताच्या बोटांवर, आणि आत जे छापलंय ते दुसरीकडे कुठेही छापलं गेलं नसतं. तानाकाला क्षय होता. तो १९१५ मध्ये गेला, वय तेवीस. सात अंकांनंतर मासिकही थांबलं. त्याच काळात ओन्चींनी केलेले काही ठसे जपानमधल्या पहिल्या अमूर्त चित्रांमध्ये गणले जातात.

या कामावर पोट भरणं शक्य नव्हतं. ओन्ची आयुष्यभर पुस्तकांची मुखपृष्ठं आणि मांडणी करत राहिले. ते त्यांचं पगाराचं काम. ठसे उरलेल्या वेळात.

आता पुन्हा १९३९ कडे. चीनमध्ये युद्ध सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. पुढे जपान अमेरिकेशीही लढू लागला. कागद, रंग, लाकूड, सगळ्याची टंचाई झाली. चित्रकारांना सरकारी संघटनांमध्ये गोळा केलं गेलं. मुद्राचित्रकारांचीही अशी एक देशसेवा संघटना १९४३ मध्ये बनली आणि तिचे अध्यक्ष होते ओन्ची. त्याआधी लष्कराच्या कामासाठी ते चीनला जाऊन आले होते. त्यांच्यावर प्रेम करणारे लेखक हा भाग घाईने उरकतात. साहित्य मिळवण्यासाठी तडजोड केली असं म्हणता येईल, पण नुसतं तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही. एकाच माणसाच्या सहीने सरकारी संघटना चालत होती आणि त्याच माणसाच्या घरी दर महिन्याला अशी बैठक भरत होती, जिथे रणगाड्यांचा किंवा विजयाचा संबंध नसलेली चित्रं मांडली जात.

१९४४ मध्ये, युद्ध हरण्याच्या टप्प्यावर आलेलं असताना, मंडळाने 'इचिमोकुशू' हा संग्रह काढला. सभासदांचे हाताने छापलेले ठसे एकत्र केलेले, मोजक्याच प्रती. तो बाजारासाठी नव्हता. माझ्याकडे तुझं काम आणि तुझ्याकडे माझं, एवढाच हिशेब. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात टोक्योचा पूर्व भाग जळाला आणि सुमारे एक लाख माणसं मेली. त्या वर्षीच्या डिसेंबरात ओन्ची, सेकिनो, यामागुची आणि इतर सहा जणांनी पंधरा ठशांचा एक संच काढला. त्यात जळण्याआधीचं टोक्यो होतं. राखेत उभं राहून गेलेल्या शहराची चित्रं छापायची, हे त्यांनी इतक्या लगेच कसं जमवलं याचं मला अजून नवल वाटतं. १९४६ मध्ये दुसरा इचिमोकुशू आला. एकूण सहा निघाले, शेवटचा १९५० मध्ये.

याच वर्षांत बैठकीला अनपेक्षित पाहुणे येऊ लागले. अमेरिकन फौजेबरोबर टोक्योत आलेले काही लोक, त्यात विल्यम हार्टनेट आणि ऑलिव्हर स्टॅटलर. कालपर्यंत शत्रू असलेली ही माणसं ठसे बघत बसायची आणि मुख्य म्हणजे विकत घ्यायची. जपानी श्रीमंतांच्या भिंतीवर तैलचित्र लागत असे. लाकडाचा ठसा म्हणजे किरकोळ माल. अमेरिकनांना तसं वाटलं नाही. ओन्चींचं बरंच उत्तम काम आज जपानपेक्षा अमेरिकेतल्या संग्रहालयांत सापडतं, त्याचं मूळ या खरेदीत आहे.

मग १९५१ उजाडलं. साओ पाउलोच्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जपानने तैलचित्रं आणि शिल्पंही पाठवली होती. बक्षिसं मिळाली मुद्राचित्रांना. त्यातला एक होता मंडळात येणारा साइतो कियोशी, एकेकाळचा पाट्या रंगवणारा. दुसरा, कोमाई तेत्सुरो, धातूच्या पत्र्यावर काम करणारा. देशात ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याला परदेशात बक्षीस मिळालं, की घरचे अचानक कौतुक करू लागतात. हे आपल्याला नवं नाही. १९५६ मध्ये मुनाकाता शिकोने व्हेनिसमध्ये मुद्राचित्रांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. तोही आओमोरीचाच, लोहाराचा मुलगा.

ओन्चींनी ते पाहिलं नाही. जून १९५५ मध्ये ते गेले. शेवटच्या काळात ते लाकडाबरोबर दोरा, पानं, पुठ्ठा, हाताला लागेल ते वापरून अमूर्त चित्रं छापत होते आणि एकेका चित्राच्या दोन-चार प्रतींवर थांबत होते. छपाईचा फायदाच मुळी हव्या तितक्या प्रती, आणि ओन्चींना त्यात रस नव्हता.

त्यांचा सर्वांत गाजलेला ठसा मात्र अमूर्त नाही. १९४३ मध्ये त्यांनी कवी हागिवारा साकुतारोचं व्यक्तिचित्र कोरलं. हागिवारा आदल्याच वर्षी वारला होता. त्याच्या १९१७ च्या पहिल्या कवितासंग्रहात तानाकाची चित्रं होती. तानाका तोवर गेला होता आणि राहिलेलं काम ओन्चींनी पूर्ण केलं होतं. ठशातला हागिवारा थकलेला दिसतो. चेहऱ्यावर सुरकुत्यांची जाळी, नजर कुठेच नाही. या चित्राच्याही ओन्चींनी अगदी थोड्या प्रती काढल्या. मागणी वाढल्यावर ओन्ची हयात असतानाच, १९४९ मध्ये, त्यांच्याच ठोकळ्यांवरून आणखी प्रती छापण्याचं काम दुसऱ्याने केलं. स्वतः काढायचं, स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं, या व्रताच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रावर बारेन फिरवणारा तो हात सेकिनोचा होता.