रेक्विएम (व्हेर्दी)
इटालियन संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) यांची चार एकल गायक, समूहगान व वाद्यवृंद यांसाठीची रचना. मृतांसाठीच्या कॅथलिक प्रार्थनाविधीतील लॅटिन शब्द तिला आधार आहेत. लेखक आलेस्सांद्रो मांझोनी यांचे २२ मे १८७३ रोजी निधन झाले. त्यांच्या स्मृत्यर्थ बरोबर वर्षाने मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये व्हेर्दींच्या संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. शेवटचा भाग ‘लिबेरा मे’ मूळचा संगीतकार रोस्सिनींच्या स्मृत्यर्थ अनेक संगीतकारांनी मिळून रचलेल्या मासमधला (मास म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीची संगीतरचना). तो मास तेव्हा सादर झालाच नाही.

केवळ ध्वनिमुद्रण ऐकून या कृतीची बांधणी पुरती उमगत नाही. त्यासाठी पूर्ण स्कोअर, म्हणजे प्रत्येक वाद्याची व आवाजाची ओळ एकाखाली एक दाखवणारे स्वरलेखन, उघडावा लागतो. ‘दिएस इरे’मध्ये मोठ्या ढोलाचे चामडे घट्ट ताणावे, म्हणजे ताल चुकवून पडणारा घाव कोरडा आणि प्रचंड उमटेल, अशी सूचना आहे. ‘तूबा मिरुम’मधील चार ट्रम्पेट दूर, दृष्टीआड वाजतात. ‘सांक्तुस’ हा दोन समूहांचा आठपदरी फ्यूग (एकच स्वरविषय आवाजांनी एकामागून एक उचलण्याची रचना) तर रचनाकौशल्याचा कळसच. ‘लिबेर स्क्रिप्तुस’ मूळचे समूहगान. १८७५ मध्ये व्हेर्दींनी ते मेझो-सोप्रानो या मधल्या पट्टीच्या स्त्री-आवाजासाठी नव्याने रचले, आणि तेच अधिक परिणामकारक आहे.

मुंबईत जन्मलेले वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह या कृतीचे ध्वनिमुद्रण केले आहे.