मेळघाटात पुढारी कुठून येतो

मेळघाटावर मराठीत गेल्या तीस वर्षांत जे लिहिले गेले, त्यात तिथला कोरकू आदिवासी माणूस बहुधा कुपोषित बाळाचा बाप म्हणून येतो. गावाचा कारभार पाहणारा म्हणून क्वचितच. 1993 च्या पावसाळ्यातील बालमृत्यूंनी धारणी आणि चिखलदरा ही नावे मुंबईपर्यंत पोचवली, उच्च न्यायालयात याचिका गेल्या, डॉक्टर आणि कार्यकर्ते डोंगरावर येऊन राहिले. बैरागडचे रवींद्र आणि स्मिता कोल्हे, उतावलीचे आशिष सातव यांनी तिथे आयुष्य वेचले, आणि त्यांच्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण या सगळ्यातून वाचकाच्या मनात एक समज नकळत मुरला: कोरकूंमध्ये नेतृत्व नव्हतेच, ते आता शिबिरे घेऊन, शिकवून तयार करायचे आहे. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. मेळघाटात नेतृत्व होते. निर्णय घेण्याचा अधिकार गावाबाहेर गेला तेव्हा त्याचे रूप पालटून ते निरोप्याचे झाले, आणि जिथे अधिकाराचा एखादा तुकडा परत आला तिथे ते बाहेरच्यांना नवल वाटावे इतक्या लवकर उगवले.

कोरकू हा शब्दच मुळात अनेकवचनी आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. ही मुंडा कुळातली भाषा, त्या कुळाच्या थेट पश्चिम टोकाची. 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांहून अधिक होते, त्यांतले बहुसंख्य सातपुड्यापलीकडे बैतुल, खंडवा, बऱ्हाणपूर या बाजूचे. या समाजाच्या गावात कामांची वाटणी ठरलेली असे. पटेल गावाचा प्रमुख, चौधरी त्याचा हाताखालचा माणूस, भूमका गावदेवांची पूजा करणारा, पडियार आजार आणि बाधा यांवर उपाय करणारा, आणि थाट्या गुरे राखणारा. गावाच्या वेशीवरचा मुठवा देव या सगळ्यांचा साक्षी. एकाच माणसाच्या हातात सगळे नाही, ही या रचनेची ठळक खूण. पाऊस लांबला तर भूमक्याकडे, भांडण पेटले तर पटेलाकडे, मूल फणफणले तर पडियाराकडे. आरोग्य कार्यक्रमवाल्यांनी पडियाराला पुष्कळ वर्षे निव्वळ अडथळा मानले; तो गावाने मानलेला माणूस आहे हे त्यांच्या ध्यानात उशिरा आले.

ही घडी मोडली ती प्रामुख्याने जंगलखात्यामुळे. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मेळघाटातल्या सागवानाकडे रेल्वेच्या काळातल्या इमारती लाकडाच्या भुकेची नजर वळली. कोरकूंची डोंगरउतारावरची फिरती शेती, जिला इंग्रज लेखकांनी ‘दह्या’ म्हणून नोंदले, ती गुन्ह्यासारखी ठरू लागली. जंगल राखीव झाले आणि त्यात वनगावे बसवली गेली. वनगावातला माणूस जमीन कसे, पण तिच्यावर त्याचा हक्क नसे. खात्याच्या कामाला हजर राहणे हीच तिथे राहण्याची किंमत. आता पटेलाचे काम काय उरले? खात्याला मजूर पुरवायचे आणि खात्याचा हुकूम गावाला सांगायचा. पद तेच, मान बराचसा तोच, पण वरून खाली निरोप नेणाऱ्या माणसात आणि पुढाऱ्यात फरक असतो. 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक, आणि निर्णयाची जागा गावापासून आणखी लांब गेली.

इथे कोणी म्हणेल, की जुन्या रचनेचे हे कौतुक भाबडे आहे. पटेलकी वंशपरंपरेने चाले, बायांना पंचांत जागा नव्हती, आणि जातपंचायतीचा दंड काही फार हळुवार नसे. हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. पण त्यातून निघते ते एवढेच, की जुने पद जसेच्या तसे परत आणणे हा मार्ग नव्हे. ‘आधी नेतृत्व नव्हतेच’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या होपी लोकांची गोष्ट या पेचावर प्रकाश टाकते. 1936 मध्ये त्यांच्यासाठी लेखी घटना झाली. मसुदा घडवण्यात ऑलिव्हर ला फार्ज या बाहेरच्या कादंबरीकाराचा मोठा हात होता. त्याने शहाणपणाने एक तरतूद ठेवली: गावे आपापला कारभार पाहतील आणि जुन्या वळणाच्या गावात परिषदेवरच्या प्रतिनिधीला किकमोंग्वीची, म्हणजे गावाच्या परंपरागत प्रमुखाची, मान्यता लागेल. तरीही काही गावांनी आपले प्रतिनिधी पाठवायचे नाकारले. त्यांचा रोख असा होता, की गावाच्या डोक्यावर बसलेली परिषद मुळात आमची नाही. कागदावर जागा राखून नेतृत्व आपोआप उभे राहत नाही, हे तिथेही दिसले.

मेळघाटातही तेच झाले. धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने, तिथले सरपंचपद आदिवासींसाठी राखीव ठेवले, महाराष्ट्राने 2011 मध्ये पंचायतींत बायांसाठी निम्म्या जागा केल्या. कोरकू सरपंच आले, कोरकू बाया सरपंच झाल्या, कोरकू आमदारही झाले. पण पेसाचे राज्यातले नियम व्हायला 2014 उजाडले, आणि तोवर सरपंचाच्या हातात काय होते? घरकुलांच्या याद्या, रस्त्याचे प्रस्ताव, हजेरीपट. गावाभोवतीच्या जंगलातले एक झाडही त्याच्या सहीच्या कक्षेत नव्हते. ज्या गावाचे निम्मे जगणे मोहफुले, आवळा, तेंदूपत्ता आणि चाऱ्यावर, तिथे जंगलाबद्दल बोलता न येणारा सरपंच फार तर चांगला अर्जनवीस होऊ शकतो.

म्हणून पायविहीरचे उदाहरण महत्त्वाचे. अचलपूर तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या या कोरकू गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये 193 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल म्हणावे असे तिथे फारसे काही नव्हते, उजाड टेकड्याच होत्या. हक्क हाती आल्यावर ग्रामसभेने चराई आणि तोड यांवर स्वतःचे नियम बसवले, रोजगार हमीतून मातीची आणि पाणी अडवण्याची कामे घेतली, झाडे लावली, आणि पुढे इथली सीताफळे मुंबईच्या बाजारात पोचली. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी जोडलेला जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. त्याहून बोलके हे, की गस्त कोणी घालायची, दंड किती, पैसा कशावर खर्चायचा हे ठरवताना ज्यांना बोलावे लागले ते बोलू लागले. उपातखेडा, खतिजापूर, नयाखेडा ही शेजारची गावेही याच वाटेने गेली.

यावरही दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की हे ‘खोज’ या संस्थेचे काम, गावाचे नव्हे. संस्थेने कायदा समजावला, कागद उभे केले, हे उघड आहे. पण हक्क मिळण्याआधीही या टेकड्यांभोवती संस्था होत्या आणि शिबिरे होत होती; बदल झाला तो हक्क हाती आल्यावर. गडचिरोलीच्या मेंढा-लेखामध्येही आधी वीस वर्षांचा अभ्यास होता, तरी बांबूचा वाहतूक परवाना एप्रिल 2011 मध्ये ग्रामसभेच्या हाती आला तेव्हाच त्या अभ्यासाला धार चढली. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पायविहीर व्याघ्र प्रकल्पाबाहेरचे गाव, तिथे वाघाशी तडजोड करायची वेळ आली नाही. प्रकल्पाच्या गाभ्यातल्या गावांना हा धडा लागू पडतो का? माझ्या मते पडतो, फक्त उलट्या बाजूने.

गाभ्यातल्या कितीतरी गावांचे पुनर्वसन झाले आहे. 2001-02 च्या सुमारास बोरी, कोहा, कुंड उठले. नंतर केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा, नागरतास ही गावे अकोला जिल्ह्यातल्या अकोट आणि तेल्हारा भागात उतरली. कायद्याने यासाठी ग्रामसभेची संमती लागते, म्हणजे गावाने एकत्र बसून घेतलेला शेवटचा मोठा निर्णय आपले गाव उठवण्याचाच. पुढे जे घडते त्याची चर्चा कमी होते. पॅकेज कुटुंबामागे मोजले जाते (2008 ते 2021 पर्यंत ते 10 लाखांचे होते), गाव मोजले जात नाही. आणि अकोला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. डोंगर उतरला की पेसा सुटतो, राखीव सरपंचपद सुटते, सामूहिक हक्क ज्या जंगलावर सांगायचा ते मागे राहते. भूमका आहे, पण त्याचा मुठवा वर आहे. जानेवारी 2019 मध्ये कबूल केलेली जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणून पुनर्वसित कुटुंबे परत केलपाणी आणि गुल्लरघाटच्या जंगलात चालत गेली, आणि तिथे त्यांची वनखात्याच्या आणि पोलिसांच्या माणसांशी चकमक झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. त्या दिवशीच्या बातम्यांत या कुटुंबांचा उल्लेख ‘जमाव’ असाच होता.