गंजलेलं लोखंड आणि आपला इतिहास

मंडळी, मातीची गढी नाशिककरांना वेगळी सांगायला नको. गोदाकाठच्या या टेकाडावर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. अहवाल १९५५ साली आला. सगळ्यात खाली ताम्रपाषाणयुगाचे अवशेष, आणि त्यावरच्या प्राचीन ऐतिहासिक थरांत लोखंड.

आता बघा, तांबं हिरवं पडतं, तरी ओळखू येतं. लोखंडाचा मात्र नुसता गोळा होतो. असं का? भट्टीत दगडातून काढलेलं लोखंड हवा-पाणी मिळालं की पुन्हा दगडाकडेच निघतं. त्यातच मातीतला क्षार, म्हणजे क्लोराईड, आत मुरलेला असतो. शेकडो वर्षं जमिनीत टिकलेली वस्तू बाहेर काढल्यावर थोड्याच काळात तडकते, पापुद्रे सुटतात, दमट हवेत तिच्यावर तपकिरी थेंब जमतात. संवर्धक म्हणतात, लोखंड रडतंय.

बरं, मग घासून टाकायचं? नाही. पुष्कळदा वस्तूचा मूळ आकार त्या गंजातच असतो. मुठीच्या लाकडाचे रेषे, गुंडाळलेल्या कापडाची वीण गंजात उमटलेली असते. म्हणून आधी एक्स-रे, मग भिंगाखाली बारीक सुरीने वरची माती काढणं. त्यानंतर क्षार निघावा म्हणून अल्कलीच्या द्रावणात कित्येक आठवडे, कधी महिने बुडवून ठेवणं. मग सुकवणं, टॅनिक ॲसिडचा हात, वरून मेण. हे टॅनिक ॲसिड म्हणजे हिरड्यातल्या तुरटपणाच्याच जातीचं. हिरडा आणि लोखंड मिळून काळा रंग होतो, हे आपल्या रंगाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतंच की!

खंडेनवमीला पूजेत ठेवतो त्या घरच्या तलवारीची गोष्ट वेगळी. ती जमिनीत पुरलेली नसते. तिला कोरडं फडकं आणि मेणाचा पातळ हात पुरतो. एका घरच्या कट्यारीला आम्ही हौसेने चिंच लावली होती. चमक आली, पण पात्यावरची नक्षी पुसट झाली. ती आता परत येणार नाही. ग्राइंडरने तर याहून वाईट होतं.

तेव्हा एवढंच सांगणं: पाया खणताना, शेत नांगरताना लोखंड सापडलं तर धुऊ नका, घासू नका, ऑइलपेंट लावू नका. जागा नीट लिहून ठेवा, वस्तू हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत कोरडी ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. गंज काढायला पुढेही वेळ आहे. गेलेला पुरावा मात्र पुन्हा मिळत नाही.