आनंदीबाईंचा परदेशी अर्ज: यादीत काय राहून गेलं?

ऐकणाऱ्यांमध्ये मेडिकलचे बरेच जण आहात, म्हणून आजचा भाग खास तुमच्यासाठी.

परदेशातल्या हॉस्पिटलमध्ये काही आठवड्यांच्या इलेक्टिव्हला जायचं म्हटलं, की यादी सुरू होते. ईमेल, सीव्ही, शिफारसपत्र, व्हिसा, राहायची सोय, पैसे. आणि हो, लसींचे दाखले, टीबीची टेस्ट, आरोग्य विमा. हे शेवटचे कागद आपण सगळ्यात कंटाळून भरतो. आज त्यांच्याबद्दलच बोलायचंय, पण त्यासाठी जायचं १८८३ मध्ये.

आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहाच दिवसांत गेलं. बाईला तपासायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनानं तिथे घेतलं.

पण शिकायचं कुठे? नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून मदत मागितली. उत्तर आलं: ख्रिस्ती व्हा, मग बघू. ते या दोघांना मान्य नव्हतं. म्हणजे पहिला अर्ज रिजेक्ट!

गंमत पुढे आहे. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. एका पत्राचं उत्तर यायला महिने लागायचे, तरी ओळख इतकी वाढली की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. राहायची सोय झाली ती अशी!

आता विरोध. एकटी बाई समुद्र ओलांडणार, धर्म बुडणार, अशी ओरड सुरू झाली. तेव्हा गोपाळरावांची नोकरी बंगालात सेरामपूरला होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि आपण का जातोय ते सगळ्यांसमोर सांगितलं. परत हिंदू म्हणूनच येईन, हेही सांगितलं. त्यानंतर देणग्या येऊ लागल्या.

एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाज सुटलं, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचलं. मग फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज. त्यात त्यांनी शिक्षण कमी आहे हे लपवलं नाही. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, तो निर्धार जमेस धरा, असं लिहिलं. प्रवेश मिळाला. डीन रेचल बॉडली यांनी पुढे त्यांना मनापासून आधार दिला.

म्हणजे यजमान, पैसे, सोबत, प्रवेश, सगळं जमलं. राहून गेलं काय? तब्येत. निघण्याआधीपासून डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप, धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधंही पाठवली होती, पण उपयोग झाला नाही. त्यात फिलाडेल्फियाची थंडी आणि नवं अन्न. टीबीनं गाठलं. क्षयाचा जंतू कॉखनं १८८२ मध्येच दाखवला होता, पण त्यावरचं औषध यायला अजून साठेक वर्षं होती.

तरीही ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांचा विभाग सांभाळायची नेमणूकही मिळाली. पण काम सुरू व्हायच्या आधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. वय वर्षं २१. ज्या बायकांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत.

आनंदीबाईंच्या जिद्दीवर आपण टाळ्या वाजवतो, वाजवायलाच हव्यात. पण जिद्द दुखणं बरं करत नाही, उलट कधीकधी अंगावर काढायला लावते. तेव्हा त्यांच्यापुढे फारसे मार्ग नव्हते. आपल्यापुढे आहेत. म्हणून अर्ज भरताना तो टीबी टेस्टचा कंटाळवाणा कागद आला, की शेवटी ढकलू नका. तो आधी भरा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, खरंच घ्या!