नाटकगृहाचीं कवाडें

२२ ऑक्टोबर २०२१ रोजीं महाराष्ट्रांतील नाटकगृहें सरकारी आज्ञेनें पुन्हां उघडलीं. ही वार्ता वाचतांना आम्हां सोलापूरकरांस सहजच आपल्या हुतात्मा स्मृति मंदिराची आठवण झाली. त्याच सालच्या एप्रिलांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनें कवाडें मिटलीं होतीं. त्यापूर्वीं मार्च २०२० पासून नोव्हेंबरपर्यंत पहिली दीर्घ बंदी होऊन गेली होती. आतां अर्धीं आसनें, एक सोडून एक खुर्ची, तोंडावर मुखपट्टी, अशा अटींवर कां होईना, नाटकास व गाण्यास मुभा मिळाली. मुभा मिळाली म्हणजे नाटकगृह उघडलें, असें आपण सारेच त्या दिवशीं समजून चाललों. परंतु बंद करणें हें जसें एका हुकुमाचें काम आहे, तसें उघडणेंही आहे काय? इतिहासाकडे पाहूं लागलें म्हणजे ह्या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें राहत नाहीं.

ज्या कायद्याचा आधार घेऊन मार्च २०२० मध्यें हीं दारें लावण्यांत आलीं, तो कायदा कांहीं नवा नव्हे. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईंत प्लेग प्रकट झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. मूळचीं कलमें अवघीं चार. पण तेवढ्या शब्दांत सरकारच्या हातीं जवळजवळ अमर्याद सत्ता आली. आगगाडीचे उतारू तपासणें, जत्रा-यात्रा बंद करणें, संशयितांस वेगळें ठेवणें, हें सारें त्यांत बसलें. ह्याच सत्तेच्या जोरावर पुण्यांत रँडसाहेबाच्या अमलांत घरझडत्या झाल्या, आणि २२ जूनच्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं झाडलेल्या गोळ्यांनीं पुढें त्याचा शेवट झाला, हें शाळेंतील मुलासही पाठ असतें. ह्या कायद्याचें एक लक्षण मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. त्याच्या दृष्टीनें माणसांचा कोणताही जमाव हा जमावच. जत्रा, बाजार, कीर्तन, नाटक, सर्वांची जात एकच! साथीच्या दृष्टीनें तें खरेंही आहे. जंतूस बालगंधर्वाचें गाणें आणि धान्याचा लिलाव ह्यांत फरक समजत नाहीं. पण ज्यांचें पोटच जमावावर आहे त्यांची नोंद त्या चार कलमांत कोठेंही नाहीं.

तथापि १८९७ च्या नटांस एक सोय होती. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे फिरतें बिऱ्हाड. पडदे गुंडाळावे, पेट्या आगगाडींत चढवाव्या, आणि जेथें हवा शुद्ध असेल तेथें मुक्काम टाकावा. एका गांवीं उंदीर पडूं लागले, लोक शिवारांत झोपड्या घालून राहूं लागले, म्हणजे दुसरें गांव गांठावें. सोलापूरही त्या साथीच्या फेऱ्यांतून सुटलें नाहीं. पण एक गांव मिटलें तरी नाटक मिटत नसे. देवलांच्या ‘संगीत शारदे’चा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीनें १८९९ च्या जानेवारींत केला, तो पुण्या-मुंबईस नव्हे, इंदुरास. म्हणजे प्लेग ऐन भरांत असतांना मराठी रंगभूमीचें एक श्रेष्ठ नाटक जन्मास आलें व लोकांनीं तें डोक्यावर घेतलें. पुढें १९१८ ची मानमोडी आली, हिंदुस्थानांत कोटीहून अधिक माणसें घेऊन गेली, परंतु तिचा घाला इतका झपाट्याचा होता कीं नाटकवाल्यांच्या व्यवसायास वर्षानुवर्षांचा खंड पडला नाहीं.

फिरतीचा हा उपाय सर्वत्र लागू पडतो असें मात्र नाहीं. आमच्या वर्गांत शेक्सपिअर शिकवितांना मी नेहमीं सांगत आलों कीं, १५९२ पासून १५९४ पर्यंत बहुतेक काळ लंडनचीं नाटकगृहें प्लेगमुळें बंद होतीं, आणि त्या रिकामपणांत कवीनें १५९३ सालीं ‘व्हीनस अँड अ‍ॅडोनिस’ हें काव्य छापून काढलें. विद्यार्थ्यांस ही गोष्ट फार आवडते. आपत्तींतून काव्य निघालें कीं सर्वांस बरें वाटतें. परंतु त्याच सालीं पेम्ब्रोकच्या पदरची नटमंडळी खेडोपाडीं फिरून आली, प्रवासाचा खर्चही सुटेना, आणि अखेरीस तिला नाटकाचे पोषाख गहाण टाकावे लागले, ही दुसरी गोष्ट मी वर्षानुवर्षें तळटीपेप्रमाणें उरकून टाकीत असें. २०२० सालानंतर ती मला उरकतां आली नाहीं. १५९४ मध्यें लंडनचीं कवाडें उघडलीं तेव्हां जुन्या मंडळ्या मोडून गेल्या होत्या. उरलेल्या नटांस गोळा करून नव्या मंडळ्या उभाराव्या लागल्या. शेक्सपिअर त्यांतील एकींत होता, म्हणून आपण त्या उघडण्याचा उत्सव करतों. पोषाख गहाण टाकणाऱ्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नसतात.

आमच्या वेळीं तर फिरण्यासही जागा उरली नव्हती. इंदूर बंद, लंडन बंद, न्यूयॉर्क बंद. पहिली परवानगी आली ती ५ नोव्हेंबर २०२० रोजीं. तो दिवस मराठी रंगभूमि दिन. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें त्याच्या स्मरणाचा. मुहूर्त मोठा औचित्याचा होता. पण पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरांत प्रशांत दामले ह्यांच्या नाटकानें व्यावसायिक प्रयोगांस पुन्हां आरंभ झाला तो डिसेंबरांत. मधले पांच आठवडे कोठें गेले? हिशेब करून पाहा. आसनें अर्धीं, परंतु भाडें, गाडी, वीज, नटांचा व पडद्यामागील कामगारांचा मेहनताना, ह्यांतील कांहींच आपोआप अर्धें होत नाहीं. शिवाय नेपथ्य लावणारा माणूस गांवीं निघून गेलेला, प्रकाशयोजना करणारा दुसऱ्या धंद्यास लागलेला. हुकूम एका रात्रींत निघतो. मंडळी एका रात्रींत जमत नाहीं.

सोलापुरास तर ह्या हिशेबांत आणखी एक ओझें. पुण्याहून येथपर्यंतचें अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर. सामानाची गाडी, मंडळींचा मुक्काम, आणि समोर अर्धें घर. मोठीं नाटकें शेवटीं येणार हें उघडच होतें. मार्च २०२२ मध्यें लसीकरणांत पुढें असलेल्या चौदा जिल्ह्यांस पूर्ण आसनांची मोकळीक मिळाली. त्या यादींत सोलापूर नव्हतें. दोष कोणास द्यावा हें येथें सांगत नाहीं, पण ती यादी वाचतांना मान खालीं गेली हें खरें. आमच्या वांट्यास भरलेलें नाटकगृह आलें तें १ एप्रिलपासून, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीं.

ह्या शहरानें बंदी पूर्वींही भोगली आहे. १९३० च्या मे महिन्यांत येथें लष्करी कायदा पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं गेले. त्यांच्याच स्मरणार्थ ह्या मंदिराचें नांव. तेव्हांच्या बंदींत सत्तेला लोकांचें भय होतें. २०२० च्या बंदींत लोकांना एकमेकांचें. पहिलें भय हुकूम उठला कीं उठतें.

दुसरें किती चिवट असतें तें मीं २०२१ च्या हिवाळ्यांत येथील एका लहानशा सभागृहांत पाहिलें. नाट्यगीतांची साधी बैठक होती. एकाआड एक खुर्चीवर कागदाची फुली चिकटविलेली. ओळखीचीं माणसें लांबूनच हात जोडीत. दाद द्यावी तर ती मुखपट्टींत अडे. गाणाऱ्या बाईंनीं पहिल्या दोन पदांनंतर कान देऊन पाहिलें, कीं समोर कोणी आहे कीं नाहीं! समेवर माना हलतांना दिसल्या तेव्हां कोठें त्यांचा आवाज मोकळा झाला. दुसऱ्या रांगेंत उजवीकडे एक वृद्ध रसिक नेहमीं बसत. गुडघ्यावर बोटांनीं ताल धरीत, आणि ठेका चुकला तर बोट तेवढें थांबे. त्या खुर्चीवर फुली होती. शेजाऱ्यानें हळूच सांगितलें कीं ते एप्रिलांतच गेले. मग साऱ्या सभागृहावरून माझी नजर फिरली. कोणती खुर्ची नियमानें रिकामी आहे आणि कोणती माणूस गेल्यामुळें, हें फुल्यांवरून कळण्यास कांहींच मार्ग नव्हता.

बैठक आटोपल्यावर तबलजीशीं बोललों. तो माझा जुना विद्यार्थी. बंदीच्या काळांत त्यानें चादरींच्या दुकानांत हिशेब लिहिण्याचें काम धरलें होतें. “सर, बोटें आंखडलीं होतीं,” तो म्हणाला, “महिनाभर रोज पहांटे बसलों तेव्हां आज एवढें निघालें.” एवढें म्हणजे किती, तें ऐकणारांस कळलें होतें, द्रुत लयींत तो दोनदां मागें राहिला होता, आणि गाणाऱ्या बाईंनीं त्याला न दाखवितां सांभाळून घेतलें होतें.

शंभरावें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन मार्च २०२० च्या अखेरीस सांगलीस सुरू व्हावयाचें होतें. नियोजित अध्यक्ष डॉ. जब्बार पटेल, म्हणजे सोलापुरांतच शाळा शिकलेले. तें संमेलन भरण्यास जानेवारी २०२४ उजाडला. पिंपरी-चिंचवडास मुख्य संमेलन झालें, आणि त्याच महिन्यांत आमच्या सोलापुरांतही विभागीय संमेलन झालें. खुर्च्यांवर फुल्या नव्हत्या. त्या दिवसांत तबलजी पुन्हां भेटला. हात आतां चांगला मोकळा झाला होता. दुकान सोडलें कीं नाहीं, असें मीं विचारलें.

“नाहीं सर,” तो म्हणाला, “सकाळचें दुकान तसेंच ठेवलें आहे.”