आबांचा पेन आणि कापराचा वास

हा भाग बसमध्ये ऐकताना बऱ्याच जणांची रेंज मधेच गेली, म्हणून मागणीवरून सगळं लिहून काढलंय. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टीही यात टाकल्यात.

मी मूळचा खाप्याचा. नागपूर जिल्हा, सावनेर तालुका, कन्हान नदीच्या काठचं गाव. आमच्या भागात मँगनीजच्या खाणी आहेत. गुमगावची खाण तर अगदी जवळ. माझे आबा, म्हणजे आजोबा, मँगनीज कंपनीत कारकून होते. तेव्हा कंपनी इंग्रजांची होती. १९६२ मध्ये सरकार भागीदार झालं आणि आजची मॉइल उभी राहिली. त्या धामधुमीत आबांचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना त्याने स्वतःचा पेन आबांना दिला. पार्कर व्हॅक्युमॅटिक. अंगावर आडव्या पट्ट्या, एक चमकदार, एक आरपार दिसणारी. उजेडात धरला की आत शाई किती उरली ते कळायचं. आबांनी हजेरीपट, पत्रं, घरखर्चाची डायरी, सगळं त्याच पेनाने लिहिलं.

आबा गेल्यावर पेन माझ्याकडे आला. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा वाटलं, एवढी मोलाची वस्तू हॉस्टेलवर, फ्लॅटवर कुठे हरवेल. म्हणून मी काय केलं? पेन झिप-लॉकच्या पिशवीत टाकला, हवा काढली, आबांची डायरी आणि कपाटाची पितळी किल्ली सोबत ठेवली, सगळं एका स्टीलच्या डब्यात घट्ट बंद केलं आणि डबा माळ्यावर ठेवला. वर टिनाचं छप्पर. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, ४५ अंश काही नवीन नाही.

पाच वर्षांनी दिवाळीत डबा उघडला. आजी खालूनच म्हणाली, "काहून रे, डब्यात कापूर ठेवला होता का?"

मी कापूर ठेवला नव्हता. तो वास पेनाचाच होता, आणि त्यात आणखी एक आंबूस, नाकात जाणारा वास मिसळलेला. पेन हाताला चिकट लागत होता. आरपार पट्ट्या चहासारख्या तपकिरी झालेल्या, आत बारीक भेगांचं जाळं. टोपणाची कडी सैल. किल्ली हिरवी पडलेली. आणि डायरीची जी पानं पेनाला लागून होती, ती करपल्यासारखी. हात लावला की तुकडे पडत होते. १९६० च्या दशकातला आमच्या घरचा हिशेब, आबांच्या अक्षरातला, त्यातली काही पानं गेली ती गेलीच.

आता हे झालं कसं, ते समजून घेऊ. कारण पेन कोणी वापरला नव्हता, पडला नव्हता, भिजला नव्हता.

नकली हस्तिदंताची गोष्ट

हा पेन ज्या पदार्थाचा आहे त्याचं नाव सेल्युलॉइड. कापसातला सेल्युलोज घ्या, त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करा, की सेल्युलोज नायट्रेट तयार होतं. १८४६ मध्ये शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने हे जगासमोर आणलं तेव्हा लोकांना त्यात दारूगोळा दिसला. त्याला 'गनकॉटन' म्हणायचे. पुढे १८६२ मध्ये अलेक्झांडर पार्क्सने लंडनच्या प्रदर्शनात याच कुळातला, साच्यात घालता येणारा पदार्थ मांडला. मग अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने त्यात कापूर नीट मिसळला आणि १८७० मध्ये पेटंट घेतलं. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असायचे, हस्तिदंत महाग, आणि त्याला पर्याय शोधायचा होता. तिथून हे सुरू झालं.

कापराचं काम काय? सेल्युलोज नायट्रेट एकटं असेल तर ठिसूळ असतं. कापूर त्याला लवचीक ठेवतो. त्यामुळे सेल्युलॉइडला हवा तो आकार आणि हवा तो रंग देता यायचा. कंगवे, चष्म्याच्या फ्रेम, बाहुल्या, सगळं त्याचं झालं. टेबल टेनिसचा चेंडू तर २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचाच होता. जुना चेंडू फुटला असेल तर आतला वास घेऊन बघा, आमच्या आजीला आला तोच वास येईल.

फाउंटन पेन आधी एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे, आणि बहुतेक काळे. १९२४ मध्ये शेफर कंपनीने सेल्युलॉइडचे पेन आणले, दोन वर्षांनी पार्करही त्याच वाटेने गेली, आणि १९३३ मध्ये व्हॅक्युमॅटिक आला. पेनांना खरा रंग सेल्युलॉइडने दिला.

कोडमधला लूप

पण हा पदार्थ बनतो त्या दिवसापासूनच हळूहळू मोडायला लागतो. दोन गोष्टी एकदम चालू असतात. एक, कापूर उडून जातो. वडीत ठेवलेला कापूर जसा न जाळताही कमी होतो, तसाच. कापूर गेला की पेन आक्रसतो, म्हणून कडी सैल होते, आणि तडे जातात. दुसरी गोष्ट जास्त वाईट. उष्णता, ओल आणि उजेड यांनी नायट्रोजनचे वायू सुटतात. त्यांना थोडी जरी ओल मिळाली तरी नायट्रिक आम्ल तयार होतं. आणि हे आम्ल काय करतं? उरलेल्या सेल्युलॉइडला आणखी वेगाने तोडतं. त्यातून आणखी वायू, आणखी आम्ल.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळतं. लूप आहे, त्याचं आउटपुट पुन्हा त्याचंच इनपुट होतंय, आणि थांबायची अट कुणी लिहिलेलीच नाही. वायू बाहेर निघून गेला तर लूप मंद चालतो. मी तर पिशवीची हवा काढून, वर डबा लावून, तो वायू आतच कोंडला. वरून माळ्याची भट्टी. रासायनिक क्रिया साधारण दर १० अंशांमागे दुपटीने वाढते, असा ठोकताळा आहे. म्हणजे जपण्याच्या नादात मीच त्याचं आयुष्य कमी केलं.

आरपार पट्ट्याच आधी का गेल्या, यालाही कारण आहे. अपारदर्शक रंगासाठी पूर्वी झिंक ऑक्साइडसारखी पांढरी पूड मिसळायचे. ती आम्ल शोषून घेते, म्हणून तो भाग जास्त टिकतो. पारदर्शक भागाला ते कवच नसतं.

हेच रसायन, पुण्यात

पुण्यात मी लॉ कॉलेज रोडवरून रोज जायचो. तिथे एफटीआयआय आहे, म्हणजे पूर्वीचा प्रभात स्टुडिओ. पेनाचं वाचता वाचता लक्षात आलं की आपल्या सिनेमाची गोष्टही याच पदार्थाशी बांधलेली आहे. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे सेल्युलॉइडच. कोडॅकने तिचं उत्पादन १९५१ मध्ये थांबवलं. ती पेटली तर पाण्याखालीही जळते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या स्वतःतच असतो. आणि पेटली नाही तरी डब्यात बंद राहून आधी फिकट, मग चिकट आणि शेवटी तपकिरी भुकटी होते. आबांच्या पेनाची तीच वाट होती.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. चार रिळांचा सिनेमा. आज त्यातली दोनच रिळं आहेत, आणि काही अभ्यासकांच्या मते तीही १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची. तीही वाचली ती पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांमुळे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, त्याचे ते आत्मा होते. फाळके कुटुंबाकडे जाऊन त्यांनी रिळं गोळा केली. गावोगाव हिंडून लोकांच्या पेट्या उघडायला लावल्या. आणि जिथे जमलं तिथे नायट्रेटवरून सुरक्षित फिल्मवर प्रती करून घेतल्या.

तरीही ८ जानेवारी २००३ रोजी एफटीआयआयच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली. सहाशेच्या वर चित्रपटांची पाच हजारांहून जास्त रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधी झाल्या होत्या ते चित्रपट उरले. ज्यांच्या झाल्या नव्हत्या, ते कायमचे गेले.

मग आपण काय करायचं?

आबांचा पेन पूर्ववत होणार नाही. सेल्युलॉइडचं मोडणं मंद करता येतं, उलटं फिरवता येत नाही. सोन्याची निब मात्र तशीच चकचकीत आहे, आम्लाने तिला काही केलं नाही.

तुमच्या घरी जुना पेन, कंगवा, चष्मा, बाहुली असेल तर एवढं करा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका. हवा खेळेल अशा, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. माळा नको, खिडकी नको. देवघराच्या दिव्याजवळ तर मुळीच नको. कापराचा किंवा आंबूस वास आला, चिकटपणा आला, जवळचं धातू हिरवं पडलं, तर ती वस्तू लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण तिचं आम्ल शेजारच्याला लागतं. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपेंट रिमूव्हर यांनी पुसू नका, सेल्युलॉइड विरघळतं. दर दोन-तीन महिन्यांनी काढून नुसतं बघा. आणि कागदपत्रं सोबत ठेवू नका, ही माझी ठेच आहे.

मी डायरीची उरलेली सगळी पानं स्कॅन केली. नायरांनी प्रती केल्या तसंच, छोट्या प्रमाणावर. पेन आता खालच्या खोलीत, लाकडी उघड्या ट्रेमध्ये एकटा असतो. खाप्याला गेलो की आजी आधी विचारते, "पेनाले हवा दिली का रे?" मी काढतो, वास घेतो, बघतो, परत ठेवतो.

या आठवड्यात घरातली एक जुनी पेटी उघडा. काय सापडलं ते व्हॉइस नोटमध्ये सांगा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!