हुरड्याचं तिकीट: शिरूर-दौंडच्या एका हिवाळी दिवसाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना निसटलेली दोन-चार वाक्यं नीट केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.

डिसेंबर संपत आला की पुण्यातल्या जवळपास प्रत्येक घरात एक प्रश्न निघतो: "एक दिवस कुठंतरी जाऊया का?" एकच दिवस, कारण सोमवारी ऑफिस, मुलांची शाळा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री स्वतःच्याच अंथरुणात झोपायचं असतं. माझी आतेबहीण कोलोरॅडोत असते. तिच्याकडे असा एक दिवस म्हणजे जवळचा छोटासा स्की रिसॉर्ट. भाड्याचे बूट, मुलांसाठी सोपा उतार, दुपारी गरम सूप आणि अंधाराच्या आत घरी. आपल्याकडे ना बर्फ ना उतार. तरी शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हिवाळ्यातला कुटुंबाचा एक दिवस असतोच, आणि तो म्हणजे हुरडा.

या दोन दिवसांत मला एक मोठा फरक दिसतो. थंड देशात हिवाळ्यात शेत झोपलेलं असतं, म्हणून माणसं डोंगरावर जातात. आपल्याकडे हिवाळ्यात शेत उभं असतं, म्हणून माणसं शेतात जातात. मग ते उभं पीक कुणाचं, हा प्रश्न आलाच. आजचा भाग त्याच प्रश्नाबद्दल आहे.

आधी हुरडा म्हणजे काय

रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात, जमिनीतल्या ओलीवर पेरतात. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत कणसातला दाणा अशा अवस्थेत असतो की त्यातलं दूध आटत आलंय, पण तो अजून कडक झालेला नाही. हाच हुरडा. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे मोकळे करायचे. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, गोडीशेव, बोरं. सुरती, गूळभेंडी ही हुरड्याची जुनी नावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' हे वाण काढलं. भाकरीसाठी नावाजलेल्या मालदांडीचाही हुरडा लोक खातात, पण तो चोळायला हात घट्ट लागतात.

एका शेतात हे फार तर आठ-दहा दिवस चालतं. बर्फासारखंच. वेळ गेली की गेली.

इनामगाव: तीन हजार वर्षांपूर्वीचा हिवाळा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० अशी जवळजवळ नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. लहान मुलं गेली की त्यांना दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडायचे. का, यावर अजून चर्चा चालते.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं म्हणजे त्यांचं जेवण. मुख्य पीक ज्वारी नव्हतं, बार्ली होतं. शिवाय गहू, मसूर, कुळीथ, लाख आणि बोरं. म्हणजे हुरड्याच्या ताटातली ज्वारी या मातीत नंतर रुळलेली पाहुणी आहे. पण बाजूला ठेवलेली बोरं तीन हजार वर्षं इथलीच आहेत. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानमधल्या मडक्यांच्या खापरांवर शेतातल्या ज्वारीचे ठसे मिळालेत, ते इ.स.पू. ३५०० ते ३००० च्या सुमाराचे आहेत.

इनामगावात एक घर पाच खोल्यांचं आहे. त्याच्या शेजारी धान्याचं कोठार असावं अशी इमारत सापडली. आणि त्या घराच्या अंगणात चार पाय असलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेला एक पुरुष मिळाला. त्याचे पाय तोडलेले नाहीत. ढवळीकरांनी यावरून असं मांडलं की हा गावाचा प्रमुख असावा आणि गावाचं धान्य त्याच्याकडे गोळा होऊन मग वाटलं जात असावं. हे खरं धरलं तर आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळतं: पीक पिकवणाऱ्याचं, पण कोठाराची किल्ली प्रमुखाकडे.

शेवटच्या टप्प्यात हवामान कोरडं होत गेलं, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि अखेरीस वस्ती उठली. या पट्ट्याचा पाऊस तेव्हाही भरवशाचा नव्हता.

कर्डे, डिसेंबर १८७४

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. तेव्हा आजचा दौंड-बारामतीकडचा भाग भीमथडी तालुक्यात होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज आटलं. नेमक्या त्याच काळात, तीस वर्षांची मुदत संपल्यावर सरकारने शेतसारा नव्याने ठरवला आणि काही भागांत तो निम्म्याहून जास्त वाढवला. सारा रोख भरायचा, तोही ठरल्या तारखेला. रोख पैसा फक्त सावकाराकडे.

शिवाय १८५९ चा मुदतीचा कायदा होता. कर्जरोखा तीन वर्षंच ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज साचणार नाही, असा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी जुनं मुद्दल अधिक व्याज मिळून नवा रोखा लिहिला जाऊ लागला. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीममधला बग काढायला टाकलेला पॅचच मोठा बग झाला. वाचता न येणारा माणूस अंगठा उठवत गेला.

शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांसाठी हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर हात घातला. डिसेंबर १८७४ मध्ये गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कुणी राबेना, न्हावी दाढी करीना, पाणी भरणारा पाणी भरीना. विचार करा, ऐन रब्बीचं पीक उभं असताना हे घडतंय. राखणीला माळ्यावर गोफण घेऊन उभं राहणारं माणूसच नाही.

बहिष्काराचं हे लोण पसरत गेलं आणि १२ मे १८७५ ला सुपे गावच्या बाजारात उठाव झाला. लोकांनी कर्जरोखे आणि वह्या मागितल्या, मिळाल्या त्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून जास्त गावांत हे झालं. माणसांवर हल्ले तुलनेने कमी झाले, कागदावर जास्त. याला दख्खनचे दंगे म्हणतात. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पण त्याच्या आधी १८७६ ते ७८ चा भयानक दुष्काळ या गावांवरून गेला होता.

सगळा दोष सावकाराच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे. सावकार साखळीतली दिसणारी कडी होता. त्याच्या मागे सारा होता, आणि त्याही मागे लिव्हरपूलचा कापसाचा भाव. दुसरं उत्तर हे असं: पीक पिकवणाऱ्याचं, पण वहीत ते आधीच दुसऱ्याचं.

या जागी मला हुरडा आठवतो. हा माझा तर्क आहे, तेवढाच घ्या. खळ्यावर आलेलं धान्य मोजता येतं, लिहिता येतं, उचलून नेता येतं. हुरडा खळ्यापर्यंत पोचतच नाही. शेतातच, उभ्या पिकातून, हातावर चोळून खाल्लेली मूठ कुठल्याही वहीत येत नाही. कर्जात बुडालेल्या कुणब्याला "ये, बस, हुरडा खा" असं म्हणता येत असेल, तर त्या मुठीपुरता तो शेताचा मालक होता.

तिकीट कधी आलं?

तिसरं उत्तर आपल्या डोळ्यांसमोर लिहिलं जातंय. इटलीने १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा कायदा केला, कारण डोंगराळ गावं रिकामी होत होती. आपल्याकडे पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामतीजवळ पळशीवाडीत कृषी पर्यटनाचा प्रयोग उभा केला. २०२० मध्ये राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत मोर आणि चिंचा आधीपासून होत्या. पाहुण्यांना जेवू घालून, शेत दाखवून पैसे मिळू शकतात, हे गावाने ओळखलं. आता जानेवारीच्या रविवारी नगर रस्त्याला लागलेल्या निम्म्या गाड्या हुरड्याला निघाल्यात की काय, असं वाटतं.

आमच्या घरात यावरून वाद चालू आहे. दौंड तालुक्यात आमची तीन एकर जमीन चुलते कसतात. अडीच एकर ऊस, अर्धा एकर ज्वारी. ज्वारीला पाखरं राखायला माणूस मिळत नाही, काढणीला मिळत नाही, म्हणून काका तोही अर्धा एकर उसाखाली घ्यायच्या विचारात होते. माझा चुलतभाऊ म्हणाला, थांबा, आपण तिथं हुरड्याचं सुरू करू, माणशी पैसे घेऊ. त्यावर आजी जी भडकली: "आरं, रानात आलेल्या माणसाला हुरडा द्यायचा असतो, इकायचा नसतो!"

आजीचं म्हणणं जुनाट म्हणून बाजूला सारावं असं मला वाटत नाही. ती जे बोलते तेच त्या वहीत न आलेल्या मुठीबद्दल आहे. पण दादाचा हिशोबही खरा आहे. ज्वारी बाजारात नेली की भाव दुसरा सांगतो. ऊस कारखान्याला घातला की पैसे कधी आणि किती, हेही दुसराच ठरवतो. हुरड्याचा दर मात्र तो स्वतः ठरवणार, आणि पैसे दाणा वाळायच्या आत हातात. या गावांच्या इतिहासात शेतकऱ्याने पीक तयार व्हायच्या आधी पैसे घेतले ते कर्ज म्हणून. पहिल्यांदाच ते कमाई म्हणून येतायत. आणि तिकीट नसेल तर ती ज्वारीच उरणार नाही. मग द्यायचं काय?

यंदा चार रविवार करून बघायचं ठरलंय. बांधाच्या कडेच्या ओळी गावातल्या माणसांसाठी सोडायच्या, त्यांना पैसे नाहीत. आजीची ही अट काकांनी मान्य केलीय. चालेल की नाही, फेब्रुवारीत कळेल.

तुमचा दिवस कसा आखाल

आता कामाचं. पुण्याहून नगर रस्त्याने गेलात तर १ जानेवारी टाळा. त्या दिवशी कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि वाहतूक वळवलेली असते. सकाळी सातला निघा, रांजणगावला गणपतीचं दर्शन घ्या, दहा-साडेदहाला हुरड्याच्या शेतात पोचा. ऊन चढलं की आगटीजवळ बसवत नाही. ज्येष्ठ मंडळींसाठी खुर्ची आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे फोनवर आधीच विचारा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: "हुरडा याच शेतातला आहे का?" काही ठिकाणी तो बाहेरून आणलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण मग तुम्ही पिकवणाऱ्याच्या घरी बसलेले नसता.

दुपारी शिरूरहून न्हावरेमार्गे दक्षिणेला उतरा. इनामगावात बघायला काय आहे, तर खरं सांगायचं म्हणजे टेकाडं आणि नदी. उत्खननातल्या वस्तूंसाठी येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात वेगळ्या दिवशी जा. पण मुलांना त्या काठावर उभं करून सांगा की इथल्या माणसांनीही बोरं खाल्ली होती. पुढे चौफुल्याला सोलापूर रस्ता लागतो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं बरीच आहेत, एखाद्या ठिकाणी गरम काकवी मिळाली तर घ्या, आणि अंधार पडायच्या सुमाराला पुण्यात.

जाताना सोबत सुटे पैसे ठेवा. चटणी वाटणारी बाई, कणसं भाजणारा माणूस, यांचा रोज तिकिटात किती धरलाय, हे आपल्याला दिसत नाही. कोठार, वही, तिकीट, या तिन्हींत शेवटी बघायचं एकच: हातावर दाणे चोळणाऱ्याच्या वाट्याला काय आलं.

तुमच्या गावाकडे हुरडा कसा व्हायचा, कोण बोलवायचं, कोणाला बोलवायचं नाही, हे जरूर कळवा. त्यातलं काही पुढच्या भागात घेईन. तोपर्यंत, राम राम.